जुन्या डीएसएलआरनंतर कोणता कॅमेरा?

निकॉनचा डी९० हा कॅमेरा २००८ मध्ये बाजारात आला. चलचित्रण करू शकणारा तो पहिला डीएसएलआर. लग्नसमारंभापासून जत्रेपर्यंत सर्वत्र वावरलेले हे यंत्र आजही अनेक घरांत चालू स्थितीत आहे, आणि म्हणूनच ते बदलावे की नाही, बदलायचे तर काय घ्यावे, हा प्रश्न त्याच्या मालकाला सतावत असतो.

दुकानात पहिली तुलना होते ती मेगापिक्सेलची. डी९०ची प्रतिमा १२.३ मेगापिक्सेलची, तर २०१५ मधील डी७२००ची २४.२ मेगापिक्सेलची. आकडा दुप्पट झाला तरी चित्राची रुंदी ४२८८ वरून ६००० बिंदूंवर, म्हणजे जेमतेम १.४ पट होते. छापील अल्बमच्या आकारात हा फरक सहसा जाणवत नाही.

खरा फरक जाणवतो तो अंधारात. शिगमोत्सवाची मिरवणूक ऐन रंगात येते ती दिवे लागल्यानंतर. रोमटामेळातील पावले थांबत नाहीत आणि प्रकाश मात्र रस्त्यावरच्या दिव्यांचा. डी९०ची नेहमीची आयएसओ मर्यादा ३२००, आणि तिथे पोहोचण्याआधीच सावल्यांत रवाळपणा दिसू लागतो. डी७२००मध्ये ही मर्यादा २५,६०० आहे. तेथील चित्र स्वच्छ असते असे मुळीच नाही. पण ३२०० वर निर्धास्तपणे काम करता येते. फोकसचे बिंदूही ११ वरून ५१ झाले आहेत, ते धावत्या विषयासाठी उपयोगी पडतात.

मात्र कॅमेऱ्याआधी लेन्सचा विचार करावा. डी९०सोबत बहुधा १८-१०५ मिमी लेन्स मिळत असे. ३५ मिमीवर तिचे छिद्र एफ/४च्या आसपासच उघडते. त्याच कॅमेऱ्याला ३५ मिमी एफ/१.८ लेन्स लावली, तर सुमारे पाचपट प्रकाश आत येतो. गाभाऱ्यातील समया किंवा दशावतारी रंगमंच टिपणाऱ्याची अडचण एवढ्यानेच दूर होऊ शकते. खर्चही नव्या कॅमेऱ्याच्या मानाने बराच कमी.

जुन्या लेन्स ज्यांच्याकडे आहेत त्यांनी विशेष सावध राहावे. निकॉनच्या एएफ-डी प्रकारच्या लेन्समध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातील मोटर त्यांचा फोकस फिरवते. डी९० आणि डी७००० मालिकेत ही मोटर आहे, डी५००० मालिकेत नाही. त्यामुळे २०१६चा डी५६०० नवा आणि हलका म्हणून घेतला, तर घरातली ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स हाताने फिरवत बसावी लागेल. मिररलेस झेड मालिकेतही हीच गोष्ट: एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने लेन्स बसते, पण एएफ-डीचा स्वयंचलित फोकस चालत नाही. मोटर असलेल्या एएफ-एस लेन्सचा चालतो. कॅननधारक याबाबतीत सुखी आहेत. १९८७पासूनच्या त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच, आणि अ‍ॅडॅप्टरद्वारे त्या आर मालिकेवरही फोकस करतात.

'फुल फ्रेम'चा मोह हा आणखी एक सापळा. डी७५० (२०१४) हा उत्तम कॅमेरा. पण त्याच्यावर डी९०ची १८-१०५ लावली की सेन्सरचा मधला भागच वापरला जातो आणि चित्र सुमारे १० मेगापिक्सेलचे उरते. म्हणजे जुन्या कॅमेऱ्याहूनही कमी! फुल फ्रेम घ्यायचा तर लेन्सचा खर्च त्याच हिशेबात धरावा.

मग नवा डीएसएलआर घ्यावा की मिररलेस? निकॉनचा डी६ २०२० मध्ये आला. त्यानंतर त्या कंपनीने नवा डीएसएलआर आणलेला नाही. चलचित्रण हे मुख्य काम असेल, तर मिररलेसच घ्यावा. डी९० चित्रीकरण सुरू असताना फोकस स्वतःहून राखत नाही आणि बाहेरचा माइक जोडण्याची सोयही त्यात नाही. केवळ छायाचित्रे काढायची असतील आणि एएफ-डी लेन्स घरात असतील, तर प्रस्तुत लेखकाच्या मते वापरलेला डी७२०० हाच शहाणा पर्याय. डी७५०० त्याच्यानंतरचा, २०१७चा. परंतु त्यात दुसऱ्या मेमरी कार्डची जागा काढून टाकली आहे. लग्नाचे काम करणाऱ्याला ही उणीव महाग पडू शकते.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले ते पाहावे. निकॉनच्या मूळ फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते. डी७२००चे शटर १,५०,००० वेळांसाठी तपासलेले आहे. त्याहून महत्त्वाचे, लेन्स उजेडासमोर धरून आतून न्याहाळावी. किनारपट्टीच्या दमट हवेत काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात आणि ते काचेवरील लेप खातात. चामडी पिशवीत एक पावसाळा काढलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी ती आधी नीट तपासून घ्यावी. घरी आणल्यावर सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करावे.