मेंदूच्या आघातातील ग्लिया पेशींचा प्रतिसाद

डोक्याला जोराचा मार बसून मेंदूला इजा झाली असता, चेतापेशींना आधार, पोषण व संरक्षण पुरवणाऱ्या ग्लिया पेशींच्या (चेताश्लेष्म पेशींच्या) आकारात, संख्येत व कार्यात जे बदल घडून येतात, त्यांचा समावेश या प्रतिसादात होतो. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा खळ असा असून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी या पेशींची ऊती म्हणजे चेतापेशींना सांधून ठेवणारा चिकट पदार्थ असे मानले होते. नाव टिकले, समजूत मात्र पूर्णपणे बदलली.

रायगड जिल्ह्यात हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. मुंबई–गोवा महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ६६, पूर्वीचा १७) पेणवरून व वडखळ नाक्यावरून पुढे रोहा तालुक्यातील नागोठणे व कोलाड या गावांकडे जातो, आणि हेल्मेट न घालता दुचाकीवरून पडणाऱ्याच्या डोक्यात जे घडते ते दोन टप्प्यांत घडते. कवटी एकाएकी थांबते, आतला मेंदू हलत राहतो, रक्तवाहिन्या फाटतात व चेतापेशींचे लांब अक्षतंतू ताणले जातात. ही प्राथमिक इजा क्षणात पूर्ण होते आणि ती कोणत्याही उपचाराने मागे घेता येत नाही. त्यानंतर तासन्‌तास, दिवसेंदिवस वाढत जाणारी दुय्यम इजा हेच ग्लिया पेशींचे मुख्य क्षेत्र होय.

सर्वप्रथम हालचाल करतात त्या मायक्रोग्लिया, म्हणजे गर्भावस्थेतच पीतककोशातून मेंदूत येऊन तेथे कायमच्या वसणाऱ्या संरक्षक पेशी. स्पॅनिश शास्त्रज्ञ पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची स्वतंत्र ओळख पटवली. फुटलेल्या पेशींतून एटीपी हे द्रव्य बाहेर सांडते, जे पेशीच्या आत ऊर्जा पुरवते पण बाहेर येताच धोक्याची खूण ठरते, आणि काही मिनिटांतच आसपासच्या मायक्रोग्लिया आपले बारीक फाटे इजेच्या जागी वळवून तिला वेढा घालतात. पुढील दिवसांत त्या मृत पेशींचा कचरा गिळतात, त्याचबरोबर दाहकारक द्रव्येही सोडतात, त्यामुळे वाचू शकणाऱ्या चेतापेशीही कधी कधी दगावतात. या पेशींची ‘चांगल्या’ व ‘वाईट’ अशी सरळ विभागणी पूर्वी केली जात असे. ती आता अपुरी मानली जाते.

ताऱ्यासारख्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट पेशी एरवी चेतापेशींभोवतीचे जादा पोटॅशियम व ग्लुटामेट हे संदेशद्रव्य शोषून घेतात. आघातानंतर हे काम कोलमडले की साठलेले ग्लुटामेट चेतापेशींना अतिउत्तेजित करून मारते. याच पेशी पाणी घेऊन फुगतात, आणि कवटीला विस्तारण्यास जागा नसल्याने आतील दाब वाढतो. अपघातस्थळी शुद्धीवर असलेला, बोलणारा रुग्ण काही तासांनी गुंगीत जाऊ शकतो, त्यामागे वाढता रक्तस्राव असतो किंवा ही सूज असते. पुढे एक-दोन आठवड्यांत ॲस्ट्रोसाइट जाड होऊन इजेभोवती व्रणाची कड तयार करतात. ही कड चेतातंतूंच्या वाढीतील अडसर मानली जात असे. परंतु ती नष्ट केल्यास दाह निरोगी ऊतींत पसरतो, आणि उंदरांच्या मज्जारज्जूवरील २०१६ च्या प्रयोगांत ती काढूनही तंतू वाढले नाहीत. तिला केवळ अडथळा म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

अक्षतंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी मात्र नाजूक असून त्या सहज मरतात. त्यांच्या पूर्वपेशी विभाजित होऊन नवे वेष्टन घालू पाहतात, पण ही दुरुस्ती बहुधा अपुरी राहते.

दाह दडपला तर रुग्ण वाचेल, हा तर्क स्वाभाविक होता. क्रॅश या आंतरराष्ट्रीय चाचणीत डोक्याला मार लागलेल्या १०,००८ प्रौढांवर तो पारखला गेला आणि २००४ मध्ये निष्कर्ष उलटा निघाला: स्टेरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के, तर न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. त्यामुळे रोह्याहून किंवा पेणहून पनवेल, नवी मुंबई वा मुंबईकडे रुग्ण हलवताना रुग्णवाहिकेत श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे व रक्तदाब पडू न देणे यांनाच सर्वाधिक मोल आहे, कारण ऑक्सिजनचा तुटवडा व कमी रक्तदाब आधीच ताणलेल्या ॲस्ट्रोसाइटना निकामी करतात. इजा झालेल्या ॲस्ट्रोसाइटमधून रक्तात उतरणाऱ्या जीएफएपी या प्रथिनाची तपासणी २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. सीटी स्कॅन कोणाला आवश्यक आहे हे ठरवण्यास ती साहाय्य करते.

जखम भरली, टाके निघाले, तरी प्रतिसाद थांबतोच असे नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाच आघातानंतर दीर्घकाळ जगलेल्या काही व्यक्तींच्या मेंदूत मृत्यूनंतर सक्रिय मायक्रोग्लिया आढळल्या, आणि त्यांतील काहींच्या बाबतीत आघाताला १८ वर्षांपर्यंतचा काळ लोटलेला होता.