नागझिऱ्याच्या आवृत्त्या

व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, तेव्हा गोंदिया जिल्हा झालेलाच नव्हता. तो सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा. नागझिऱ्याला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या तोंडी ते नाव बसवलं माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ या छोटेखानी पुस्तकाने. शांतपणे बसून पाहिलेली जनावरं, पाखरं, झाडं, एवढाच त्यातला ऐवज. तरीही त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

अमेरिकेत ‘द बुकमन’ मासिकाने १८९५मध्ये सर्वाधिक खपाच्या पुस्तकांची यादी छापायला सुरुवात केली. १९३१पासून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ही छापू लागला. मराठीत मात्र खपाची खूण म्हणजे आवृत्ती. शीर्षकपान उलटलं की मागे ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ अशा ओळी एकाखाली एक दिसतात. आवृत्ती साधारण हजार प्रतींची. ती संपते घरोघरच्या वाचकांमुळे आणि गावोगावच्या वाचनालयांमुळे. १९६७च्या ग्रंथालय कायद्याने या वाचनालयांच्या अनुदानाची घडी बसवली आणि अ, ब, क, ड वर्गांतल्या लहानमोठ्या वाचनालयांच्या कपाटांत नवी पुस्तकं येत राहिली. प्रकाशनपूर्व सवलत, राज्य पुरस्कार, साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन यांचाही खपाला हातभार लागतो.

मारुती चितमपल्लींची पुस्तकं याच वाटेने घराघरांत पोहोचली. नागझिऱ्याच्याच मुलुखातल्या नवेगावबांधच्या जंगलात ते वनाधिकारी होते. तिथल्या माधवराव पाटलांकडून त्यांनी तळ्यातले मासे आणि पाखरं जाणून घेतली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना शहरातल्या वाचकाला बगळ्यांच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ असा शब्द भेटला. २००६मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद या वनाधिकाऱ्याकडे आलं. २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

पुढे किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात चारशे दिवस मुक्काम केला आणि ‘सखा नागझिरा’ लिहिलं. पुस्तक वाचून माणसं जंगल पाहायला येतात, आणि जंगल पाहून परतलेला माणूस पुस्तक शोधतो. जाहिरातीवर खर्च न करता खप टिकतो तो असा.

२०१३मध्ये दोन्ही जंगलं मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. ही पुस्तकं आता गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनी, गोरेगावच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवीत. ज्या मुलांच्या रानावर ती लिहिली गेली, त्यांच्या हाती ती सर्वांत आधी पडली पाहिजेत.