टोपीवाली अक्षरे

एस्पेरांतोच्या वर्णमालेत २८ अक्षरे आहेत. त्यांपैकी पाचांच्या डोक्यावर टोकदार टोपी, तर सहाव्यावर आपल्या ‘ॲ’वर असतो तसा चंद्र.

ही भाषा घडवली लुडविक झामेनहोफ यांनी. यिद्दिश, पोलिश, रशियन, जर्मन बोलणारे शेजारी एकमेकांना पाण्यात पाहत अशा बियालिस्टोकमध्ये ते जन्मले. नेत्रवैद्य झाले आणि १८८७ साली वॉर्सात त्यांनी या भाषेची पहिली पुस्तिका काढली. नाम ओकारान्त, विशेषण आकारान्त, असे अवघे सोळा नियम. आणि एका ध्वनीला एकच अक्षर. पोलिशमध्ये ‘च’ लिहायला दोन अक्षरे लागतात. इथे रोमन ‘सी’ला टोपी घातली की ‘च’, ‘एस’ला घातली की ‘श’.

पण छापखान्यांत असे खिळे कुठून असणार? झामेनहोफ म्हणाले, अडले तर टोपीऐवजी पुढे ‘एच’ लावा. त्याने दुसरीच पंचाईत झाली. विमानतळाला ‘फ्लुगहावेनो’ म्हणतात. त्यात ‘जी’ आणि ‘एच’ मुळातच शेजारी येतात, मग तिथे ‘ग-ह’ वाचायचे की ‘ज’?

टीका वाढली, तेव्हा १८९४ मध्ये खुद्द झामेनहोफ यांनीच टोप्या काढण्यासह मोठ्या सुधारणा मांडल्या आणि ‘ला एस्पेरांतिस्तो’ मासिकाच्या वाचकांचा कौल घेतला. बदल नको म्हणणारे १५७ निघाले, बहुमत त्यांचेच. जनकाने निकाल मान्य केला. या भाषेच्या इतिहासातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. एस्पेरांतोआधीची, अशीच घडवलेली व्होलाप्यूक भाषा जोरात होती, पण तिचे कर्ते श्लायर अखेरचा शब्द आपल्याकडेच ठेवू पाहत होते. तिचे अनुयायी भांडून पांगले.

१९०५ च्या बुलोन्य इथल्या एस्पेरांतो संमेलनाने मूळ नियम कायम केले. दोनच वर्षांनी लुई कुतुरा आणि मंडळींनी ‘इडो’ ही एस्पेरांतोची सुधारित आवृत्ती पुढे आणली. तिच्यात टोप्या नव्हत्या. काही नामवंत तिकडे गेले, बहुतेक सामान्य एस्पेरांतोभाषक जागचे हलले नाहीत.

संगणक आल्यावर जुनीच अडचण पुन्हा उभी राहिली. या वेळी तोड निघाली ‘एक्स’ची: तो एस्पेरांतोच्या वर्णमालेतच नाही, त्यामुळे ‘सीएक्स’ म्हणजे ‘च’च. आता युनिकोडमध्ये सहाही अक्षरे आहेत. तरी घाईत अनेक जण ‘एक्स’च टंकतात, आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही.