गायरान कुणाचं?

कामतघरच्या वऱ्हाळा तलावाकाठी उभं राहून बघा, दोस्तांनो. भोवती वस्ती दाटलीय. भिवंडीत माग आले, मागांपाठोपाठ खोल्या आल्या, आता आजूबाजूच्या शिवारात गोदामं. मोकळी जागा राखा म्हणतात, बरोबरच आहे. पण ती वाटली कुणाला?

६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांना पडीक जमीन द्या म्हणून सत्याग्रह पुकारला. लाखो माणसं, बायाबापड्यांसकट, तुरुंगात गेली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी ठराव आला: गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींचे १४ एप्रिल १९९० पर्यंतचे कब्जे कायम करा. तोही कसण्यापुरताच. घराखालच्या जागेचं भांडण वेगळं.

२०११ साली सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. खटला पंजाबातल्या एका गावतळ्याचा. कोर्टानं बोट ठेवलं ते पैशावर आणि दांडगाईवर. त्याच निकालात, सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर अपवाद ठेवलाय. नोटीस काढणारा साहेब नेमकं तेवढंच वाचत नाही!

म्हणून वस्तीला नोटीस आली की आधी पट्ट्याचा कागद शोधा, निकालाची प्रत जोडा. तळ्यात मात्र भिंत घालू देऊ नका. आपलीसुद्धा नाही.