गिरणीचा बदली कामगार

मुंबईच्या कापडगिरण्यांत सकाळचा भोंगा होण्यापूर्वीं दरवाजाशीं बदली कामगारांचा घोळका उभा असे. कायम माणूस गैरहजर असला, कीं त्याच्या साच्यावर यांपैकीं एकास दिवसापुरतें काम मिळे. निवड जॉबरची, आणि त्याची मर्जी सहसा फुकट मिळत नसे! १९३५ सालीं गिरणीमालक संघानें बदलीवाल्यांना कार्डें देण्याची पद्धत सुरू केली. जॉबरचा हात आखडला; दर्जा मात्र तोच राहिला.

१९५३ च्या कायदेदुरुस्तीनें काम बंद ठेवलेल्या दिवसांची निम्मी भरपाई कामगारांस मिळूं लागली. तींतून बदलीवाला वगळला होता. मात्र वर्षभर सलग नोकरी झाल्यावर कायदा त्याला बदली मानीत नसे. आणि बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम म्हणजे असें वर्ष. ते दिवस २४० भरले कीं २३९, हें गिरणीच्या हजेरीपटावरून ठरे, आणि हजेरीपट मालकाच्या कपाटांत असे.