सॅव्हाना

उष्ण कटिबंधातील सलग गवताची व विरळ झाडांची जीवसंहती. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडत नाहीत, त्यामुळे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते आणि गवताचे आच्छादन अखंड राहते, हे तिचे मुख्य लक्षण. पाऊस वर्षातले काही महिनेच पडतो. उरलेला काळ कोरडा जातो. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा या जीवसंहतीने व्यापला आहे. आफ्रिका खंडाचा जवळजवळ निम्मा भाग, ब्राझीलमधील सेराडो, व्हेनेझुएला व कोलंबियातील यानोस, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि भारतीय द्वीपकल्पाचे कोरडे पठार ही तिची प्रमुख क्षेत्रे. महाराष्ट्रात ज्याला माळ किंवा माळरान म्हणतात ते बहुतांशी सॅव्हानाच होय. शालेय भूगोलात सॅव्हाना म्हणजे आफ्रिका असे समीकरण पक्के झाल्यामुळे ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

सॅव्हाना म्हणजे अर्धवट राहिलेले किंवा तोडून उजाड झालेले जंगल, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. येथील बहुतेक गवते ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात तिला सी-चार पद्धत म्हणतात. मका, ज्वारी, बाजरी व ऊस ही पिकेही याच गटातली. कडक ऊन आणि कमी पाणी यांत अशी गवते जोमाने वाढतात, सावलीत मात्र खुरटतात. सुमारे ८० ते ३० लाख वर्षांपूर्वीच्या काळात ती जगभर पसरली. माणसाच्या हाती कुऱ्हाड येण्याच्या कितीतरी आधीची ही घटना आहे. ज्वारी व बाजरी यांची रानटी पूर्वज गवते आफ्रिकेच्या सॅव्हाना पट्ट्यातलीच. भाकरीचे पीठ मूळचे तिथले.

मग झाडे गवतावर मात का करत नाहीत? परिसंस्थाशास्त्रज्ञ महेश शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली आफ्रिकेतील शेकडो ठिकाणांच्या नोंदी तपासून याचे उत्तर दिले. वर्षाला सुमारे ६५० मिमी. पेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची दाटी पाऊसच रोखून धरतो. त्याहून जास्त पावसात झाडे दाटू शकतात. तिथे सॅव्हाना टिकते ती आग व चरणारी जनावरे यांच्यामुळे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही तुकडे ठरावीक अंतराने मुद्दाम जाळले जातात आणि काही आगीपासून राखले जातात. जास्त पावसाच्या भागातले राखलेले तुकडे झाडोऱ्याने भरून गेले.

आगीत गवताचे फारसे नुकसान होत नाही. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो आणि आग भराभर पुढे सरकत असल्यामुळे माती थोड्याच खोलीवर गार राहते. झाडाच्या रोपाचे तसे नसते. त्याचा शेंडा जळतो, ते बुडापासून पुन्हा फुटते, पुन्हा जळते. दोन आगींमध्ये पुरेसा अवकाश मिळाला तरच ते ज्वाळांच्या वर डोके काढते. एकदा खोडाची साल जाड झाली की मग त्याला भीती उरत नाही. सेराडोतील झाडांची साल बुचासारखी असते आणि काही झाडांचा बहुतेक पसारा जमिनीखाली असतो. वर दिसतात ते केवळ गुडघाभर उंचीचे फुटवे.

आफ्रिकेतील सेरेंगेटी मैदान हे या जीवसंहतीच्या सर्वाधिक अभ्यासलेल्या क्षेत्रांपैकी एक. १८९० च्या दशकात येथे गुरांमधून बुळकांडीचा रोग आला आणि वाइल्डबीस्ट (मोठे कुरंग) व रानम्हशी हजारोंनी मेल्या. पुढे आसपासच्या पशुपालकांच्या गुरांना लसी टोचल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस वन्य प्राण्यांतूनही रोग हटला. लस टोचली गाईगुरांना, पण वाइल्डबीस्टची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती ती दीड दशकात सुमारे १३ लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर जळायला फारसे उरले नाही, आगी घटल्या आणि बऱ्याच भागांत झाडे वाढली. एका विषाणूने साऱ्या मैदानाचा तोंडवळा बदलल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ साली जाहीर झाले.

सेरेंगेटीतले कळप पावसाच्या मागे फिरतात. साधारणतः झेब्रे पुढे असतात व ते उंच, राठ गवत खातात. मागून येणारे वाइल्डबीस्ट खालचा पाला आणि त्यानंतर थॉमसन गॅझेल कोवळे फुटवे खुडतात. वाइल्डबीस्टची बहुतेक पिले फेब्रुवारीच्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत जन्मतात, तीही आग्नेयेकडील ज्वालामुखीच्या राखेने खनिजसंपन्न झालेल्या आखूड गवताच्या मैदानात. एकाच वेळी इतकी पिले आल्यावर सिंह व तरसांना त्यांतली थोडीच खाता येतात. हत्ती झाडे मोडून गवताला जागा करून देतो. सेराडोत हत्ती नाही. तिथे लांब पायांचा आयाळी लांडगा व महामुंगीखाऊ आहेत. ऑस्ट्रेलियात चरण्याचे काम कांगारूंकडे.

वाळवी मात्र सगळीकडे आहे. ती वाळके गवत जमिनीखाली नेते, माती भुसभुशीत करते आणि पोषकद्रव्ये एका ठिकाणी गोळा करते. आफ्रिकेत वारुळांभोवतीचे गवत म्हणूनच अधिक हिरवे असते. आफ्रिका व आशियातील काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी हे त्याच शेतीचे फळ.

या सर्व प्रदेशांना जोडणारी आणखी एक ओळखीची वनस्पती म्हणजे कुसळी. आफ्रिकेच्या व ऑस्ट्रेलियाच्या सॅव्हानात जी असते तीच पुरंदर-बारामतीच्या माळावर असते. पावसाळा सरल्यावर तिच्या शेंड्याला काळपट कुसळांचा गुंता लोंबतो. प्रत्येक बीला खाली भाल्यासारखे टोक, टोकावर मागे वळलेले राठ केस आणि वर पीळ पडलेले लांब कुसळ. हवेत ओल आली की पीळ सुटतो, सुकली की पुन्हा पडतो. या फिरण्याने बी मातीत रुतत जाते आणि उलट्या केसांमुळे मागे येत नाही. मातीत खोचलेले बी आगीतून वाचते. मेंढीच्या लोकरीत शिरले तर तेच टोक कातडी फोडते, म्हणून बी धरण्याआधी कुसळी चारून घेणे मेंढपाळांना बरे वाटते.

दख्खनच्या माळावर कुसळीबरोबर मारवेल, पवन्या ही गवते आणि हिवर, खैर, बोर, बाभूळ ही झाडे असतात. मातीखाली खर्चुडीसारखे कंद वर्षातला बराच काळ झोपून असतात आणि पावसात वर येतात. अशा वनस्पती दाट वनात जगत नाहीत. प्राण्यांत काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड व तरस. पक्ष्यांत धाविक, चंडोल, पखुर्डी आणि माळढोक. चित्ताही एके काळी इथलाच होता. शिकारीसाठी पाळलेले चित्ते कोल्हापूर संस्थानात प्रसिद्ध होते आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणवले जात. लांडगा व माळ यांच्या जोडीला शतकानुशतके धनगरांचे कळप आहेत. पावसाळ्यानंतर धनगरांचे वाडे (तळ) हलतात, शेतात मेंढरे बसवली जातात, लांडगा अधूनमधून कोकरू नेतो. तक्रार असते, पण बहुतेक ठिकाणी लांडगा व धनगर दोघेही टिकून आहेत.

माळाचे दुर्दैव कागदावर सुरू झाले. वसाहतकालीन महसूल खात्याने ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक धरली. १९३६ साली वनाधिकारी चॅम्पियन यांनी भारतीय वनांचे वर्गीकरण केले, त्यात अशा बऱ्याच क्षेत्रांना ऱ्हास पावलेल्या जंगलाचे रूप मानले गेले. तोच दृष्टिकोन पुढे चालत राहिला. माळावर चर खणले गेले, सुबाभूळ व ग्लिरिसिडिया लावले गेले. आता सौर व पवन प्रकल्पही तेथेच येतात. सावली पडली की गवत जाते आणि गवताबरोबर धाविक व चिंकाराही. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तरी तो पक्षी महाराष्ट्रात आज अपवादानेच दिसतो. देशात उरलेले थोडे पक्षी मुख्यतः जैसलमेरच्या परिसरात आहेत. चिंकाऱ्यासाठीचे सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौ. किमी. व काळविटांचे रेहेकुरी २ चौ. किमी. पेक्षा थोडे मोठे आहे. दोन्हींतले प्राणी कुंपण मानत नाहीत. ते आसपासच्या गायरानांवर व पडक्या रानांवर अवलंबून असतात.

हवेतील कार्बन शोषण्यासाठी माळावर झाडे लावण्याचा युक्तिवादही तपासून घेण्याजोगा आहे. सॅव्हानाचा बराचसा कार्बन मुळांत व मातीत असतो, तेथे आगीची झळ पोहोचत नाही. म्हणून आपल्या गावच्या माळावर वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरत असेल तर खड्डे घेण्यापूर्वी एक पावसाळा थांबून तिथे कोणती गवते, कोणते कंद व कोणते पक्षी आहेत याची यादी करून घ्यावी, आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी.