लीळाचरित्राची पाठरक्षा आणि सामुदायिक दस्तऐवज

नरखेड तालुका हा नागपूर जिल्ह्याचा पश्चिमेकडील सीमाभाग होय. त्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक सामुदायिक दस्तऐवज सिद्ध झाला. तो म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’. मुक्त स्रोत संगणकप्रणालींची माहिती अनेक हातांनी लिहिली व राखली जाते. तिच्यापुढील प्रश्न या ग्रंथाच्या इतिहासात पूर्वीच उपस्थित झालेले दिसतात.

पहिला प्रश्न प्रामाण्याचा. चक्रधरांच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणी अनेक अनुयायांजवळ विखुरल्या होत्या. म्हाइंभटांनी त्या ज्याच्या त्याच्याकडून मिळविल्या व नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या.

दुसरा प्रश्न रक्षणाचा. परंपरा सांगते की, खलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत नष्ट झाली आणि अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच पाठभेद उत्पन्न झाले. परंतु ते पुसून एकच पाठ लादण्याचा मार्ग सर्वत्र अनुसरला गेला नाही. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांच्या नावांनी भिन्न पाठ नोंदविलेले पोथ्यांतून आढळतात. कोणते विधान कोणाचे, हे त्यामुळे वाचकास कळते. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्मिलेली ‘गिट’ ही प्रणाली प्रत्येक बदलासोबत कर्त्याचे नाव व तारीख जतन करते. साधन नवे असले, तरी गरज जुनीच आहे.

तिसरा प्रश्न वाचकाचा. केशोबासांनी लीळांतून चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. एकाच सामग्रीची उपयोगानुसार ही वेगळी मांडणी होती. त्यांना संस्कृतात रचना करण्यापासून नागदेवाचार्यांनी परावृत्त केले. सामान्य वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, हे त्यांचे कारण ‘स्मृतिस्थळा’त नमूद आहे. माहिती केवळ जाणत्यांनाच कळावी अशा रीतीने लिहिणाऱ्या आजच्या लेखकांनी या कारणाचा विचार करावा.

येथेच या परंपरेतील विसंगती दृष्टीस पडते. भाषा सर्वांसाठी खुली ठेवणाऱ्या पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले. पंथीयांनी पोथ्या निष्ठेने नकलून जपल्या, हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु बाहेरच्या अभ्यासकास त्या शतकानुशतके वाचता आल्या नाहीत, मग तपासणे दूरच राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पुढे ह. ना. नेने यांनी नागपूर येथून लीळाचरित्राचे भाग प्रसिद्ध केले, आणि 1978 मध्ये वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती आली. त्यानंतर पाठांची उघड तुलना शक्य झाली.

मार्च 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्नू’ मुक्त दस्तऐवज परवान्याने नक्कल, वितरण व बदल यांचा अधिकार वाचकास दिला. अधिकार मिळाल्याने रक्षणाचे काम मात्र आपोआप होत नाही. प्रणाली बदलते, जुनी माहिती तशीच राहते व नवागतास चुकीची वाट दाखविते. पोथीला नकलकार लागे, तसा या माहितीलाही कोणीतरी नित्य पडताळणारा लागतो. त्याचे नाव नोंदविण्याची प्रथा मात्र आपल्या प्रदेशात सातशे वर्षांची आहे.